सुपारी चालेल का?

कुंभवली, बोईसर स्टेशनजवळ
मार्गशीर्ष वद्य तृतीया, सन १९६६

तीर्थरूप मामांच्या पायांशी जावई पंढरीचा वाकून नमस्कार. (पुरतं वाकता येत नाही. कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईलच, पण नमस्कार पुरता समजावा.)

आपल्या दुसऱ्या डोळ्याचीही पट्टी सुटल्याचं वाचून जीव भांड्यात पडला. चष्मा येईपर्यंत उन्हात फिरू नये आणि दिसत नसताना हरण्याच्या पुढून जाऊ नये. तो बैल शर्यतीचा आहे, त्याला सासरा-जावई कळत नाही. मामींच्या गुडघ्यासाठी मुशी माशाचं तेल पाठवलं होतं, त्याच्या वासानं शेजारचं मांजर कायमचं आपल्याकडे राहायला आलं असं कळलं. गुडघ्याचं काय झालं ते मात्र कळलं नाही. आपलं पत्र पोचलं. शब्द आपले, अक्षर सुगंधाचं. नेहमीप्रमाणे त्यात ‘विहिरीला पाणी आहे, सुगंधा मजेत आहे, हरण्याचा खूर बरा आहे’ अशी ओळ होती. विहीर आणि हरण्या यांना लिहिता येत नाही, त्यांच्या वतीनं कुणी लिहिलं तर ठीक. पण माणसानं स्वतःच्या हातानं, तिसऱ्याच कुणाची बातमी दिल्यासारखं, स्वतः मजेत असल्याचं लिहायचं ही गंमत मी आपल्याच घरच्या पत्रात पाहतो. (पत्र वाचून दाखवणाऱ्या व्यक्तीनं इथे थांबू नये. पुढे वाचावं.)

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. जावई शर्यतीत पडला हे खरं काय, आणि ती फटफटी विकली की नाही. पहिली बातमी आपल्या गावच्या आनंदानं रजेवर आल्यावर दिली असणार. तो इथे वीज प्रकल्पावर माझ्याच गोदामात हमालांवर मुकादम आहे, आणि तिखटमीठ लावल्याशिवाय त्याला भातसुद्धा गिळवत नाही. म्हणून खरं काय झालं ते मीच सांगतो. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘पक्की क्वार्टर मिळाल्याशिवाय मुलीला त्या वाऱ्यावर धाडायची नाही’ हा आपला निर्णय मला मान्य आहे. माझी काहीही तक्रार नाही. सुगंधाला पाठवायची घाई मुळीच करू नये. मीही इथे मजेत आहे.

आता फटफटीचं. मामा, ती मी हौसेनं घेतलेली नाही. या चैत्रात सुगंधा इथे आली तेव्हा बोईसर स्टेशनवरून कुंभवलीला यायला दुसरं काही मिळेना, म्हणून तिला सिमेंटच्या ट्रकमधून, पोत्यांमध्ये उभी करून आणली. (मीही उभाच होतो. हे कुणी सांगत नाही.) उतरली तेव्हा केसांपासून जोडव्यांपर्यंत पांढरी. आमच्या घरमालकीण माई ओटीवर मासे निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, “पंढरी, बायको आनलीस का रंग नाय दिलेला गनपती?” सुगंधा त्यावर हसली नाही. खोलीत आल्यावर तोंड धुऊन एवढंच म्हणाली, की तुमच्या या गावात बाईमाणसाला बसायला जागा नाही. पुढे महिन्याभरात आपल्या डोळ्याची तार आली आणि ती तशाच ट्रकमधून परत गेली. ते वाक्य मात्र खोलीत राहिलं. म्हणून पावसाळा संपल्यावर मी पालघरच्या एका गॅरेजातून ही गाडी आणली. लष्करातून निवृत्त झालेली फटफटी, आणि डाव्या अंगाला एक माणूस ऐसपैस बसेल अशी जोडलेली डबी. (साइडकार म्हणतात. मी डबीच म्हणतो.) बसायला गादी आहे, पुढे धरायला दांडा आहे, पायाशी ट्रंक राहते. माई तिला इंजिनाची होडी म्हणतात आणि वल्ही कुठे ठेवलीस विचारतात.

आता आपण जन्मभर छकडा पळवलेला माणूस, म्हणून आपल्याला सांगायला हरकत नाही. रिकामी डबी घेऊन ही गाडी हाकणं म्हणजे जोडीतला उजवा बैल जुंपायचा आणि डावीकडे नुसतं दावं लोंबतं ठेवायचं. वेग दिला की डबी मागे राहते आणि गाडी डावीकडे ओढते. ब्रेक दाबला की डबी पुढे पळते आणि गाडी उजवीकडे फिरते. डावं वळण घेतलं तर सगळ्यात वाईट, डबी सरळ हवेत उठते. पहिल्याच दिवशी माईंच्या अंगणात वळलो, तर डबी उठली ती बांबूवर वाळत घातलेले बोंबील काखोटीला मारूनच खाली आली. माईंनी त्या बोंबलांचं कालवण करून मला रोज घातलं, आणि रोज वाढताना “खा, तूच काढलंस,” म्हणाल्या.

तर गाडी शिकणं भाग होतं. बोईसरहून प्रकल्पाकडे जाणारा नवा रस्ता तेव्हा तयार झाला होता पण खुला झाला नव्हता. दर रविवारी मी तिथे जायचो. मामा, रविवार इथे फार मोठा असतो. ज्यांचं घर मुंबईला ते शनिवारीच गाडी पकडतात, ज्यांची बायको इथे ते दुपारी दार लावून झोपतात. राहिलेले पत्ते खेळतात, आणि मला पत्त्यांत राणी लागत नाही. खोलीत बसावं तर समोर भिंत. गेल्या महिन्यात वेळ जात नाही म्हणून भिंतीला चुना दिला, तर आता चुना दिसतो. त्यापेक्षा रस्ता बरा. त्या मोकळ्या रस्त्यावर मी जे शिकलो त्यातलं थोडं सांगतो, म्हणजे जावई अगदीच वाया गेला नाही याची खात्री पटेल. वळणाच्या पोटात शिरून ब्रेक दाबायचा नाही. जो काय आवरायचा तो वेग आधी आवरायचा, मग वळायचं, आणि वळण सुटता सुटता पुन्हा वेग द्यायचा. दुसरं म्हणजे, जिकडे नजर तिकडे गाडी. हे शिकायला मला मिठागर लागलं. रस्त्याच्या कडेला मिठागर आहे, त्यात पडायचं नाही म्हणून मी त्याच्याकडेच बघत राहिलो आणि नेमका त्यातच गेलो. बाहेर आलो तो लोणच्याच्या फोडीसारखा. तेव्हापासून वळणावर खड्ड्याकडे न बघता जिथे पोचायचं तिथे बघायचं असा नेम केला आहे. आणखी एक गोष्ट इथल्या एका अमेरिकन साहेबानं टाकून दिलेल्या मासिकात दिसली. त्यात अशा डबीवाल्या गाड्यांच्या शर्यतीची चित्रं होती. पहिल्या चित्रात डबीतला माणूस अर्धा बाहेर लोंबकळत होता, मला वाटलं पडला बिचारा. मग कळलं की तीच रीत. डाव्या वळणाला त्यानं बाहेर झुकायचं, म्हणजे डबी दबून राहते, आणि उजव्या वळणाला मागे सरकून चालवणाऱ्याच्या पाठीवर अंग टाकायचं. त्या चित्रातला पाठीवर झुकलेला माणूस चांगला झुपकेदार मिशांचा होता, तरी ते चित्र मी पुन्हा पुन्हा बघत असे. (वाचणाऱ्या व्यक्तीनं हसू नये. मामांना खोकला आहे असं वाटेल.)

अशात प्रकल्पावरच्या हौशी मंडळानं शर्यत जाहीर केली. ठेकेदार, पाहणीवाले, इंजिनिअर यांच्याकडे मिळून अशा डबीवाल्या बऱ्याच गाड्या आहेत. मंडळाचे चिटणीस नरहरी साहेब. इंजिनिअर, माणूस भला, पण जेवल्यावर पान मिळालं नाही तर त्यांना कुणी ओळखत नाही आणि तेही कुणाला ओळखत नाहीत. इंग्रजी नियमांचं मराठी त्यांनी स्वतः केलं आणि फळ्यावर लावलं: ‘जोडीनेच भाग घ्यावा. एकट्यास प्रवेश नाही.’ मी तिथेच उभा राहिलो. मामा, हेच वाक्य माझ्या क्वार्टरच्या अर्जावर आहे. इथे पक्की क्वार्टर फक्त कुटुंब जागेवर असलेल्याला मिळते. म्हणजे क्वार्टर नाही म्हणून आपण कुटुंब पाठवत नाही, आणि कुटुंब नाही म्हणून साहेब क्वार्टर देत नाही. मी मध्ये, चुना दिलेल्या भिंतीकडे बघत. (आपल्याला दोष देत नाही. साहेबालाही देत नाही.)

आता इंग्रजी नियमात जोडी म्हणजे चालवणारा एक आणि डबीत बसणारा एक, कुणीही दोघे. आनंदाला बसवलं असतं तरी चाललं असतं. पण जोडीनं म्हटल्यावर आपल्याकडे काय समजतात? मी समजलो यजमान आणि यजमानीण. आणि त्यावर मला तोडगाही ठाऊक होता. नव्या गोदामाची पूजा झाली तेव्हा मीच बसलो होतो, आणि पत्नी माहेरी म्हटल्यावर भटजींनी तिच्या जागी माझ्या कमरेला एक सुपारी खोचली होती. देवाला चालतं ते नरहरी साहेबांना का चालू नये? मी त्यांच्या खोलीत गेलो. ते नुकतेच जेवून बसले होते. मी अदबीनं विचारलं, “साहेब, जोडीच्या जागी सुपारी चालेल का?” त्यांनी शेवटचे दोन शब्दच ऐकले असावेत. चेहरा उजळला, “चालेल की!” म्हणाले आणि हात पुढे केला. मला वाटलं वचन देतायत. मी तो हात दोन्ही हातांत घेऊन हलवला आणि आभार मानून बाहेर आलो. दाराशी वळून पाहिलं तर ते अजून आपल्या रिकाम्या तळव्याकडे बघत होते.

आता एक सुपारी पूजेला पुरते, डबीला पुरत नाही. म्हणून केळव्याला कृष्णकांतभाऊंच्या वाडीत गेलो. त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे, आमच्या गोदामाला सुंभ तेच पुरवतात. त्यांना म्हटलं, माझ्या बायकोच्या वजनाइतकी सुपारी उसनी द्या, रविवारी परत आणतो. त्यांनी कारण विचारलं नाही, वजन विचारलं. मला सांगता येईना. ते म्हणाले, “अवो, तुमी नवरा हाय का पावना?” मामा, ते मला लागलं. खरं सांगायचं तर लग्न होऊन दीड वर्ष झालं, त्यात एकत्र राहिलो तो सगळा काळ एका पंचांगाच्या पानावर मावेल. मग आठवलं, लग्नानंतर जेजुरीला रीतीप्रमाणे मी तिला उचलून पाच पायऱ्या चढलो होतो. आपण मागून “पाडू नका, पाडू नका” ओरडत होता. आकडा आठवत नव्हता पण हातांना आठवत होतं. मी कृष्णकांतभाऊंच्या खळ्यात डोळे मिटून एकेक पोतं उचलून पाहायला लागलो. हे जड, हे हलकं, हे जड पण नुसतंच जड. एक पोतं उचललं आणि हात म्हणाले, हे. मी ते तसंच धरून उभा राहिलो. कृष्णकांतभाऊ म्हणाले, “ठेवा आता, पोफळी बघतात.”

शर्यतीच्या सकाळी माईंनी अडवलं. नागवं पोतं शेजारी घेऊन चार लोकांत जायचं नाही, असं म्हणून त्यांनी आपलं एक हिरवं लुगडं त्याला गुंडाळलं, वर पदर काढला आणि जिथे कपाळ यावं तिथे कुंकवाचं बोट ओढलं. मी गाडी घेऊन मैदानात आलो तेव्हा लोक बाजूला झाले. नरहरी साहेबांच्या पत्नी मंगलाबाई सरबत घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत आल्या, वहिनी बोलत का नाहीत म्हणून लाजून परत गेल्या. साहेब आले, त्यांनी पदर वर करून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना त्यांच्या वचनाची आठवण दिली. तेव्हा कुठे त्यांना त्या दिवशी हातावर सुपारी का पडली नाही त्याचा उलगडा झाला. पण अमेरिकन साहेब टाळ्या वाजवत होता आणि दिलेला शब्द दिलेला होता. मला उभं राहू दिलं.

आणि मामा, गाडी काय पळाली! आपण पाहायला हवी होती. वेग आधी आवरला, वळणं गोल घेतली, नजर पुढे. डाव्या वळणाला पोतं असं घट्ट बसलं की डबी रस्त्याला चिकटून राहिली. सवयीनं मी त्याला “झुक” म्हणायचो. (दोन महिने रिकाम्या डबीशी बोलत होतो, पोतं म्हणजे बढतीच.) उजव्या वळणाला तेवढी पाठ मोकळी राहिली, तिथे वारा लागायचा. खोटं कशाला बोलू, शेवटच्या फेरीला मी दुसरा होतो. पहिल्याची गाडी रेतीत रुतली आणि मी पहिला झालो. पुढे एकच डावं वळण उरलं होतं, जिथे स्टेशनचा रस्ता येऊन मिळतो. तिथे कडेला एक बाई उभी होती. पायाशी ट्रंक, हातात गाठोडं, डोक्यावरून पदर, आणि केसांपासून पायांपर्यंत सिमेंटनं पांढरी.

मला शर्यत दिसेनाशी झाली. मामा, मी तिच्याकडे बघितलं, आणि जिकडे नजर तिकडे गाडी हे मी आपल्याला वर सांगितलंच आहे. रस्ता डावीकडे गेला, मी सरळ गेलो, आणि तिच्या शेजारच्या रेतीच्या ढिगात घुसलो. मी एका बाजूला पडलो, पोतं हवेत गेलं, लुगडं सुटलं, आणि पोतं रस्त्याच्या मधोमध आपटून फुटलं. सालासकटची गोल सुपारी त्या गुळगुळीत नव्या रस्त्यावर चहूकडे धावली. मागून येणारे एकामागून एक तिच्यावर घसरले. ज्याची गाडी सुरुवातीलाच बंद पडली होती आणि जो ती ढकलत आणत होता, तो जिंकला. आपल्या अंगणात आपण माझ्या लग्नाची सुपारी फोडली होती ती पहिली. ही दुसरी मी एकट्यानं फोडली.

ती बाई सुगंधा नव्हती. रंभाबाई म्हणून कुणी होत्या, जळगावाकडच्या, नव्या फिटरच्या पत्नी. नवऱ्याला पत्र पोचलं नव्हतं म्हणून कुणी न्यायला आलं नव्हतं. त्यांनी पायाशी आलेली एक सुपारी उचलली आणि इथे कुणाचं लग्न आहे का विचारलं. मी नाही म्हटलं. गाडी लष्कराची, तिला काही झालं नव्हतं. कंबर धरून उठलो आणि त्यांना डबीत बसवून फिटरच्या खोलीवर पोचवलं. वाटेत डावं वळण आलं, डबी उठली नाही. त्या दांडा धरून म्हणाल्या, “भाऊ, चांगली जागा केलीय बसायला.” फिटर दारात आला. त्यानं ट्रंक घेतली, तिला आत घेतलं आणि दार लावलं. लावणारच. मी परत आलो तो अगदी हळू, कारण डबी रिकामी होती.

एवढीच हकिकत. सुपारी आम्ही सगळ्यांनी मिळून वेचली. कृष्णकांतभाऊ रागावले नाहीत, मात्र वहिनी आल्या की आधी त्यांच्यासमोर उचलून दाखवा म्हणाले. मामींना नमस्कार. हरण्याला माझ्याकडून एक मूठ सरकी जास्त घालावी. सुगंधाची घाई नाही हे वर लिहिलंच आहे.

आपला आज्ञाधारक,
पंढरी

ता. क. गाडी विकायचं आपण लिहिलंत, म्हणून गिऱ्हाईक बघितलं. एक आलाही. त्याला फटफटी पसंत पडली, पण म्हणाला डबी सोडवून तुमच्याकडेच ठेवा, मला एकट्यालाच जायचं असतं. नुसती डबी ठेवून मी काय करू? दिली नाही.

आणखी ता. क. मामा, घाई नाही असं दोनदा लिहिलं, ते दोन्ही वेळा खोटं आहे. पत्र लिहायला बसलो तेव्हा एकच ओळ लिहायची होती, की मुलीला पाठवा. जावयानं असं लिहायचं कसं, म्हणून एवढी शर्यत पळवली. मला इथे करमत नाही. नरहरी साहेबांनी फळ्यावर नियम वाढवला आहे, ‘सुपारी चालत नाही.’ क्वार्टरलाही चालत नाही, मी विचारून आलो. ती आली की अर्ज त्याच दिवशी मंजूर होतो.

शेवटचं ता. क. यापुढचा मजकूर इंजिनाच्या तेलाबद्दल आहे. मामांना कंटाळा येईल, वाचणाऱ्या व्यक्तीनं मनातल्या मनात वाचावा.

सुगंधा, डाव्या वळणाला बाहेर झुकायचं, उजव्या वळणाला माझ्या पाठीवर. तुला एवढंच शिकावं लागेल, बाकीचं मी शिकलो आहे. पण तुला यायचं आहे का, हे मला कुणी सांगितलेलं नाही. नसेल तर तसं असू दे, मी समजेन. असेल तर मामा उत्तर सांगायला बसतील तेव्हा एक कर. ‘सुगंधा मजेत आहे’ म्हणतील, ते लिहू नकोस. विहिरीच्या पाण्यावरून थेट हरण्याच्या खुरावर ये. मी न्यायला निघतो.